अंदमानचं लाकूड आणि ८३६ घरं

अंदमान म्हटलं की आपल्या मराठी घरांत पहिलं नाव निघतं ते सावरकरांचं. पाठोपाठ येतात कोलू, छिलका आणि सेल्युलर जेलची कोठडी. ज्यांनी ‘माझी जन्मठेप’ हातातसुद्धा धरलेलं नाही त्यांनाही त्यातले दोन-चार प्रसंग ऐकून ठाऊक असतात. त्यामुळे तिकडे सहलीला गेलेली आपली मंडळी जेल बघतात, रात्रीचा ध्वनि-प्रकाशाचा कार्यक्रम बघून डोळे पुसतात, दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट पकडतात आणि चौथ्या दिवशी विमानात बसतात. मधे चॅथमची सॉ मिल नावाचा अर्ध्या तासाचा थांबा असतो. बेळगावहून आमच्या मंडळाच्या बायका गेल्या होत्या तेव्हा तोही झाला. एकीचं म्हणणं पडलं, लाकडाची वखार बघायला समुद्र ओलांडून कशाला यायला हवं होतं, ती आपल्या स्टेशनरोडला पण आहे.

तसं बघायला गेलं तर अंदमानचा इतिहास त्या वखारीतच आहे. जेलपेक्षाही ती जुनी. सेल्युलर जेलचं बांधकाम सुरू झालं १८९६ मध्ये आणि पुरं झालं १९०६ मध्ये. चॅथमची मिल १८८३ ची. त्याच वर्षी इंग्रजांनी अंदमानात वनखातं उघडलं. कैद्यांना इथे आणून ठेवायचं तर त्यांचा खर्च निघाला पाहिजे, आणि बेटांवर विकण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे झाडं. १८५८ मध्ये कैद्यांची पहिली तुकडी उतरली तेव्हापासून जंगल साफ करणं ही शिक्षाच होती. पुढे ती नोकरी झाली. शिक्षा आणि नोकरी यांच्यामधली रेघ या बेटांवर फार पुसट आहे.

चॅथम हे एक छोटंसं बेट आहे, पोर्ट ब्लेअरला पुलाने जोडलेलं. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण मी जुन्या काळाबद्दल लिहिते आहे म्हणून जुनंच नाव ठेवते.) दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी तिथे बॉम्ब टाकला, त्याचा खड्डा अजून राखून ठेवलाय. गाईड तो खड्डा दाखवतो, फोटो काढायला लावतो. मिल कायमची बंद पडली नाही. युद्ध संपलं, इंग्रज गेले, आपलं सरकार आलं, करवती चालूच राहिल्या.

ते लाकूड गेलं कुठे, हे विचारलं तर उत्तर आपल्याच घरात सापडतं. पडौक हे तिथलं मानाचं झाड. तांबूस, जड, वाळवी न लागणारं लाकूड. साहेबांच्या फर्निचरसाठी ते विलायतेला जायचं. गर्जन मात्र सगळ्यांच्या वाट्याला आला. रेल्वेचे स्लीपर गर्जनाचे, प्लायवूड गर्जनाचं. मऊ जातीची झाडं काडेपेटीच्या काड्यांसाठी. माझ्या वयाच्या बायकांना चहाची ती मोठी प्लायची खोकी आठवत असतील, कडांना पत्र्याची पट्टी आणि आत चकचकीत कागद. चहा संपला की किराणा दुकानदार ती विकायचा, आणि आपल्या आया त्यात गोधड्या, दिवाळीची भांडी नाहीतर शाळेची जुनी पुस्तकं भरून माळ्यावर टाकायच्या. चहाच्या खोक्यांसाठी प्लाय पुरवणाऱ्या मोठ्या जागांपैकी अंदमान ही एक. म्हणजे लेकुरवाळ्या घरांच्या माळ्यांवर ते जंगल पन्नास वर्षं चढत होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

झाडं तोडली कुणी? ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

आधी कैद्यांनी. मग काळ्या पाण्याची शिक्षा हळूहळू आवरती घ्यायची असं ठरू लागलं आणि वनखात्याला मजूर कमी पडायला लागले. १९१८ पासून छोटा नागपूरच्या पठारावरून उराँव, मुंडा, खडिया लोकांना आणायला सुरुवात झाली. रांचीच्या मिशनरी मजूर-कचेरीमार्फत भरती व्हायची म्हणून या सगळ्यांचं नाव पडलं ‘रांचीवाले’. साहेबांच्या कागदांत त्यांचं वर्णन एकच असायचं: काटक, मुकाट्याने काम करणारे, जंगलाला न घाबरणारे. (सुनेबद्दल सासरी असं बोललं जातं तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला कळतं.) मुदत थोड्या महिन्यांची असायची. पण समुद्रापलीकडे जाऊन आलेल्या माणसाची गावाकडची जमीन तोवर हातची गेलेली असायची, मग तो पुन्हा यायचा, आणि एकदा बायकोला घेऊन आला की राहायचाच. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून करेन लोक आले, तेही जंगलकामासाठी. मायाबंदरजवळ वेबी नावाचं त्यांचं गाव आजही आहे.

आणि हत्ती. ओंडके ओढायला जहाजांतून हत्ती आणले. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर ते पोहत जायचे. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, उत्तर अंदमानचं जंगल कलकत्त्याच्या पी. सी. रे नावाच्या कंपनीला ठेक्याने दिलं गेलं. दहा-अकरा वर्षांत कंपनी बुडाली. माणसांना निदान घरी जा म्हणता येतं. हत्तींना काय म्हणणार? त्यांचा खर्च परवडत नाही म्हणून १९६२ च्या सुमारास त्यांना इंटरव्ह्यू नावाच्या बेटावर नुसतं सोडून दिलं. काही जगले, रानटी झाले, पिल्लं झाली. त्या बेटांवर हत्ती कधीच नव्हता, त्यामुळे तिथल्या झाडांना हत्तीची सवय नाही. हत्तींनी साली सोलून सोलून जंगलाचा एक भाग उजाड करून टाकला. अंदमानात कामावरून कमी केलेल्यांची पहिली मोठी तुकडी हीच म्हणायला हवी.

आता मुख्य गोष्टीकडे येते. २१ जानेवारी १९७७ रोजी केंद्र सरकारने पोर्ट ब्लेअरला एक कंपनी काढली. तिचं नाव मराठीत करायचं तर अंदमान आणि निकोबार बेटे वन व वृक्षलागवड विकास महामंडळ. सगळे शेअर सरकारचे. काम काय, तर जंगल तोडणं, विकणं, आणि तोडलेल्या जागी पैसे देणारी झाडं लावणं. नावात ‘विकास’ आहे, पण उत्पन्नाचा मोठा हिस्सा ओंडक्यांचा होता. वनाधिकारी सांगायचे की आमची तोड शास्त्रशुद्ध आहे, मोठी झाडं निवडून काढतो, सूर्यप्रकाश आत येतो, रोपं वर येतात. कागदावर ते पटतंही.

महामंडळाला तोडीसाठी मुख्यतः दोन जागा मिळाल्या, उत्तर अंदमान आणि लिटल अंदमान. लिटल अंदमान नावाला लिटल. सातशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. हे ओंगी लोकांचं बेट. १९०१ च्या जनगणनेत ते ६७२ होते, आज शंभरच्या आसपास आहेत. १९५७ मध्ये सरकारने पूर्ण बेट त्यांच्यासाठी राखीव केलं होतं. पण साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे यायला लागले, त्यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न दिल्लीला पडला, आणि नकाशावर हे हिरवं बेट रिकामं दिसलं. १९७२ मध्ये आणि परत १९७७ मध्ये राखीव क्षेत्राचे तुकडे काढून घेतले. हट बेच्या बाजूला बंगाली वस्त्या झाल्या, त्यांना नावं दिली नेताजीनगर, रामकृष्णपूर, विवेकानंदपूर. ओंगींना डुगाँग क्रीकला खांबांवरची लाकडी, पत्र्याच्या छपराची घरं बांधून दिली. दमट हवेत पत्र्याखाली राहून बघायला पाहिजे होतं बांधणाऱ्यांनी!

याच बेटावर महामंडळाने १,५९३ हेक्टरवर लाल तेल-पाम लावला, त्यासाठी जंगल साफ केलं, तेलाची गिरणी घातली. कचाल बेटावरची ६१४ हेक्टर रबराची लागवडही महामंडळाकडे होती. तिथे काम करायला आणले होते श्रीलंकेतून परत पाठवलेले तमिळ मळेकामगार. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला, लाखो माणसं ‘भारतीय’ ठरून बोटीत बसवली गेली, त्यांतली काही कुटुंबं थेट निकोबारात.

जरा थांबून ही यादी बघा. कैदी, रांचीचे भूमिहीन, बंगालचे निर्वासित, श्रीलंकेने नको म्हटलेले तमिळ. ज्याला पाय ठेवायला दुसरी जागा नाही अशा माणसालाच दर वेळी सरकारने इथे आणलं, आणि त्याच्या हातात कुऱ्हाड दिली ती ज्याचा आवाजच कुणाला ऐकू जात नाही अशा ओंगीच्या झाडावर घालायला. भांडण लागलं तर ते या दोघांमध्ये लागणार. लाकूड मात्र तिसरीकडेच जाणार.

भांडण लागलंच. १९९८ मध्ये तीन संस्था न्यायालयात गेल्या. एक पोर्ट ब्लेअरची स्थानिक, आणि दोन आपल्या बाजूच्या: मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि पुण्यात कचेरी असलेली कल्पवृक्ष. लिटल अंदमानात ओंगींच्या राखीव जंगलातही तोड चालली आहे, ही त्यांची मुख्य तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, गोदावर्मन खटल्यात गेलं. हा खटला मूळचा निलगिरीच्या जंगलाचा, १९९५ मध्ये टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी घातलेला. पुढे त्याचा वटवृक्ष झाला आणि देशातलं प्रत्येक जंगल त्याच्या पारंब्यांखाली आलं. त्यात न्यायालयाला मदत करणारे वकील होते हरीश साळवे, म्हणजे तेही नागपूरचे. ऑक्टोबर २००१ मध्ये न्यायालयाने तोड थांबवली. शेखर सिंग यांचा एकसदस्य आयोग नेमला, त्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये अहवाल दिला, आणि ७ मे २००२ रोजी आदेश झाला. बेटांवरून मुख्य भूमीवर लाकूड पाठवणं बंद. प्लायवूडच्या खाजगी कारखान्यांना लाकूड बंद. चॅथम आणि बेटापूर या दोन सरकारी सॉ मिलना स्थानिक लोकांच्या गरजेपुरतंच लाकूड. महामंडळाचं जंगलकाम बंद.

सात महिन्यांत सव्वाशे वर्षांचा धंदा मिटला. माझं मत विचाराल तर चांगलं झालं. ते जंगल पुन्हा उगवणारं नव्हतं. बेटाला दुसऱ्या जंगलाचा शेजार नसतो. एकदा तुटलं की बी येणार कुठून? आणि ओंगींची ती शंभर माणसं. ती गेली तर त्यांची भाषा बोलणारं पृथ्वीवर कुणी उरत नाही. त्यांच्यापुढे प्लायवूडच्या हिशेबाला मी तरी किंमत देणार नाही.

आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने करू नयेत असे धंदे. कोळसा पाडणं, तेलबियांचे घाणे चालवणं, आणि त्यातच वनकर्म, झाडं तोडून पोट भरणं. हे लिहून ठेवणाऱ्यांची नजर किती लांबची होती! पण ते सांगणं होतं ज्याला धंदा निवडता येतो त्याला. व्यापाऱ्याला, सावकाराला. तो हा नाही तर तो करील. उराँव मजुराने वनकर्म निवडलं नव्हतं. ते त्याच्यासाठी सरकारने निवडलं, तीन पिढ्या. आणि सरकारनेच एके दिवशी सांगितलं की हे पाप होतं, बंद.

बरं, बंद केलं तर मग पुढे काय? इथे या गोष्टीतला सगळ्यांत वाईट भाग सुरू होतो, आणि तो इतका संथ आहे की कुणाच्या लक्षातच आला नाही. २००२ मध्ये काम संपलं. महामंडळ बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला ऑगस्ट २०१७ मध्ये. मधे पंधरा वर्षं. या पंधरा वर्षांत कंपनी होती, कचेरी होती, हजेरीपट होता, फक्त काम नव्हतं. पाम आणि रबर होते, पण त्यांतून एवढा डोलारा उभा राहत नव्हता. तोट्यावर तोटा. पगार भागवायला केंद्र सरकार महामंडळाला कर्ज द्यायचं. कर्ज, अनुदान नव्हे! म्हणजे मालकानेच आपल्या नोकराचा पगार आपल्याच कंपनीला उसना द्यायचा, त्यावर व्याज चढवायचं, आणि शेवटी ही कंपनी कर्जबाजारी आहे म्हणून बंद करायची. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगा म्हटलं तर ती वही मिटून ठेवील.

त्यातच २६ डिसेंबर २००४ आला. सुनामीने हट बे धुऊन नेलं. कचाल बेटावर तर निकोबारात सर्वांत जास्त माणसं गेली. हेच ते कचाल, जिथे २००० सालचा पहिला सूर्योदय बघायला हौशी लोक गेले होते आणि सगळ्या वर्तमानपत्रांत नाव आलं होतं. पाच वर्षांनी नाव परत आलं. डुगाँग क्रीकचे ओंगी वाचले. समुद्र मागे सरताना बघून ते उंचावर गेले. शिकवलेलं कुणी नव्हतं, आठवण होती. मळ्यांवर आणलेल्या माणसांजवळ ती आठवण कुठून असणार? त्यांचा समुद्र दुसरा होता, किंवा नव्हताच.

२०१७ च्या निर्णयाच्या वेळी सरकारनेच दिलेले आकडे असे: मंजूर पदं १,८३६, प्रत्यक्ष कर्मचारी ८३६. मंजूर पदं म्हणजे सगळी भरलेलीच असतात असं नाही, हे सरकारी नोकरदारांच्या घरांतल्या बायकांना मी सांगायला नको. तरी या दोन आकड्यांमधल्या हजारांकडे बघत राहावंसं वाटतं. कपात म्हटलं की आपल्याला नोटीस, मोर्चा, गेटवरचं कुलूप आठवतं. गिरणी संपात मुंबईत ते झालं. इथे तसलं काही दिसायची गरजच नव्हती. माणूस निवृत्त झाला की जागा भरायची नाही. वारला की भरायची नाही. दुसऱ्या खात्यात गेला की भरायची नाही. झाड तोडायला एक दिवस लागतो. असंच मुळाशी साल काढून ठेवलं तर ते उभ्या उभ्या वाळतं आणि आवाजही होत नाही.

उरलेल्या ८३६ पैकी बरेचजण तोवर अंदमान प्रशासनाच्या निरनिराळ्या खात्यांत उसने दिलेले होते. ज्यांची सोय लागली नव्हती त्यांच्यासाठी स्वेच्छानिवृत्ती. आणि जो स्वेच्छेने निवृत्त होणार नाही त्याला औद्योगिक विवाद कायद्याखाली कमी करायचं. स्वेच्छा या शब्दाची इतकी परवड मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ‘तुला आवडेल ते कर, पण जायचं आहेच’ असं सांगून पाठवणी केलेल्या मुलींची आठवण होते.

न्याय करायचा तर हेही लिहायला हवं की या ८३६ जणांना काहीतरी मिळालं. फंड, नुकसानभरपाई, निदान एक कागद. हजेरीपटावर नाव असल्याचा तो फायदा. प्लायवूडचे खाजगी कारखाने बंद पडले त्यांच्या मजुरांचा मंत्रिमंडळाच्या टिपणात उल्लेख नाही, असायचं कारणही नाही. आणि जंगलातल्या कँपवर राहणाऱ्या बायकांचा तर कुठल्याच टिपणात नाही. ओंडक्यांच्या कँपवर स्वयंपाक कुणी केला, पाणी कुणी भरलं, तापाने फणफणलेल्या माणसाला उठवून कामावर कुणी पाठवलं? मलेरिया तिथे घरचाच होता. हजेरीपटावर एक नाव असतं, त्यामागे एक चूल असते, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. सरकारला शिकवूनही येत नाही.

रांचीवाल्यांच्या बाबतीत तर आणखी एक गाठ आहे. जंगलात काम म्हणून घर जंगलात. घराच्या मागे चार केळी, थोडा भात, दोन डुकरं. जमिनीचा कागद नाही, कारण साहेबाने ‘इथे राहा’ म्हटलं तेव्हा कागदाची गरज कुणाला वाटली नव्हती. ७ मे २००२ च्या त्याच आदेशात जंगलजमिनीवरची अतिक्रमणं काढायलाही सांगितलं होतं. १९७८ नंतरची तर सरसकट. एकाच कागदाच्या एका परिच्छेदात काम गेलं आणि दुसऱ्यात घर धोक्यात आलं. बरं, झारखंडात उराँव, मुंडा हे अनुसूचित जमातीत येतात, अंदमानात नाहीत. इथल्या अनुसूचित जमाती म्हणजे ओंगी, जारवा, निकोबारी असे मूळचे बेटकरी. २००५ मध्ये बेटांवर इतर मागासवर्गाचं आरक्षण लागू झालं, त्यात करेन आले, भांटू आले, मोपला आले, १९४२ पूर्वीचे जुने रहिवासी आले, पूर्व पाकिस्तानचे बंगाली आले. रांचीवाले आले नाहीत. जे शंभर वर्षांपूर्वी आले, ज्यांनी पोर्ट ब्लेअरपासून डिगलीपूरपर्यंत रस्ते काढले, ते कुठल्याच रकान्यात बसले नाहीत.

संस्थांना मी दोष देत नाही. आपल्याकडच्या काही लेखांत तसा सूर असतो, की शहरी लोकांना झाडं दिसतात आणि माणसं दिसत नाहीत. इथे ते खोटं आहे. ते ओंगींसाठीच तर गेले होते. महामंडळ सरकारचं होतं, माणसं सरकारने आणली होती, जंगलाचे पैसे सरकारने घेतले होते. तोड थांबवण्याची वेळ कधीतरी येणार हे वनअधिकाऱ्यांना कळत नव्हतं असं कसं म्हणावं? पामची लागवड तर १९८६ मध्येच केंद्राच्या पर्यावरण खात्याने पुढे वाढवू दिली नव्हती. म्हणजे घंटा सोळा वर्षं आधी वाजली होती. त्या सोळा वर्षांत रांचीवाल्याच्या मुलाला दुसरं काही शिकवता आलं असतं, त्याच्या घराखालची जमीन त्याच्या नावावर करता आली असती. तेवढी सोळा वर्षं आणि नंतरची पंधरा. एकतीस वर्षांत एक पिढी म्हातारी होते.

राजन नावाच्या हत्तीची गोष्ट पर्यटकांना फार आवडायची. लाकूड ओढायला सत्तरच्या दशकात त्याला आणलं होतं. तोडबंदीनंतर तो हॅवलॉकला आला, समुद्रात पोहायचा, परदेशी छायाचित्रकार पाण्याखाली जाऊन त्याचे फोटो काढायचे, एका इंग्रजी सिनेमातही तो दिसला. शेवटी तिथल्या एका रिसॉर्टने त्याला विकत घेऊन सांभाळलं. ऑगस्ट २०१६ मध्ये तो गेला तेव्हा देशभरच्या पेपरांत बातम्या आल्या. महामंडळ बंद झाल्याची बातमी बरोबर एका वर्षाने आली. मी दोन्ही बातम्या शोधून वाचल्या. राजनची मोठी होती.

चॅथमची मिल चालू आहे, बेटांपुरती. लिटल अंदमानचे पाम उभे आहेत. आणि अगदी दक्षिणेला, ग्रेट निकोबारला, नव्या बंदरासाठी, विमानतळासाठी, वसाहतीसाठी १३०.७५ चौरस किलोमीटर जंगल द्यायला ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली आहे. किती झाडं जातील, असं संसदेत विचारलं गेलं तेव्हा सरकारने आकडा दिला ९.६४ लाख. हे काम अंदमानच्या दुसऱ्या एका सरकारी महामंडळाकडे आहे. त्याच्याही नावात ‘विकास’ आहे. तोडायला माणसं कुठून आणायची, हे अजून कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही.